ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? जुन्या ४०७ आणि पिकअपवाल्यांनी एअर काढण्याआधी काय तपासावं

मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरत होतो. ऑक्टोबरचे दिवस, गाडीत सोयाबीन, मोंढ्यातला काटा बंद व्हायच्या आत पोहोचायचं होतं. पहिली तीन वळणं ब्रेक नीट लागला. चौथ्या वळणावर पाय दाबला तर रबरी चेंडूवर पाय दिल्यासारखं वाटलं आणि पेडल अर्ध्याच्या खाली गेलं. पटापट तीन-चारदा पंप केलं, थोडं वर आलं. गिअर खाली घेत घेत गाडी आवरली आणि डोंगराच्या अंगाला उभी केली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट, जसं काही झालंच नव्हतं.

त्याआधीच्या पंधरा दिवसांत दोन वेळा एअर, म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढून झाली होती. दोन्ही वेळा पेडल वर आलं आणि मी गाडी बाहेर काढली. खरं कारण घाटानंतर सापडलं. मागच्या डाव्या चाकातली रिटर्न स्प्रिंग (ब्रेक सोडला की शू मागे ओढणारी) ढिली पडली होती. शू, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा भाग, ड्रमला घासत राहायचा, ड्रम तापायचा आणि त्या चाकाच्या सिलिंडरमधलं कित्येक वर्षांचं काळं ऑइल घाटात उकळायचं. एअर काढून यातलं काहीच बरं होणार नव्हतं.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. पेडल का मऊ झालं याचं उत्तर सापडत नाही तोवर गाडीत माल भरायचा नाही, माणसं तर बसवायचीच नाहीत. आपल्याकडे पेडल मऊ लागलं की पहिला शब्द येतो, "एअर घेतली असंल, काढून टाक." पण बंद लाइनमध्ये हवा आपोआप येत नाही. ती कुठून तरी आत शिरते. बऱ्याचदा तर हवा नसतेच, दुखणं भलतंच असतं.

आधी आपली गाडी कोणती ते ओळखा

हा लेख ऑइल ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे. टाटाची ४०७ (ही गाडी १९८६ पासून रस्त्यावर आहे), तिच्या जोडीचे छोटे टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती अशा गाड्यांत पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपांतून चाकापर्यंत जातं आणि व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतात. पुढे डिस्क असेल तर कॅलिपर पॅड आवळतो. मोठ्या दहाचाकी ट्रकला एअर ब्रेक असतात. तिथे दाबलेली हवाच काम करते, टाकी असते, डॅशबोर्डवर हवेचा काटा असतो. त्या गाडीची तक्रार वेगळी आणि तपासणीही वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.

ऑइल ब्रेकमध्ये हवा का चालत नाही, हे क्लीनरला समजवायचं असेल तर जनावरांना टोचायची सिरिंज घ्या. पाणी भरा, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या ढकला. हलत नाही. आता अर्धं पाणी आणि अर्धी हवा भरून तेच करा. दट्ट्या आत जातो आणि सोडला की परत येतो. मऊ पेडल म्हणजे हेच. पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी मधल्या बुडबुड्याला दाबण्यात संपतो.

पेडल काय सांगतंय ते ऐका

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं सीटवर बसा. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. हे आधी करायचं कारण असं, की इंजिन चालू असताना बूस्टरच्या मदतीमुळे चांगलं पेडलही जरा मऊच लागतं. कितीतरी जण तेवढ्यावरूनच ब्रेक बिघडला म्हणून घाबरतात.

आता सावकाश दाबा.

दाबलं की स्पंज दाबल्यासारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं, तरी उसळी राहतेच: लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर रबरी होज (ऑइलची लवचीक नळी) फुगतोय.

पहिल्यांदा खोल जातं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येऊन चांगलं घट्ट होतं, उसळी अजिबात नाही: शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. ही हवा नव्हे. मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांत मला हेच सर्वांत जास्त दिसतं आणि याच दुखण्यावर सर्वांत जास्त वेळा उगाच एअर काढली जाते.

जोर देऊन धरून ठेवलं की पेडल हळूहळू, गोगलगाईसारखं खाली सरकत जातं: मास्टर सिलिंडरचे कप (ऑइल अडवणारी आतली रबरं) आतल्या आत ऑइल सोडताहेत, नाहीतर बाहेर कुठेतरी गळती आहे. एक मिनिट घड्याळ लावून धरा. तीस सेकंदांत फरक कळत नाही.

दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही: हा बूस्टरचा किंवा व्हॅक्यूम पंपाचा प्रश्न. त्याची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम संपवा, पेडलवर पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. तसूभरही हललं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंप बघा. मऊ पेडलशी याचा संबंध नाही, म्हणून इथे थांबतो.

सकाळी छान, पण घाटात किंवा भरल्या गाडीने वारंवार ब्रेक मारल्यावर मऊ आणि थंड झाल्यावर पुन्हा छान: ऑइल उकळतंय. माझ्या गाडीचं दुखणं हेच होतं.

हे पाच प्रकार वहीत लिहून ठेवा आणि मिस्त्रीकडे गेल्यावर "ब्रेक लागत नाही" म्हणण्याऐवजी यातलं नेमकं काय होतंय ते सांगा. निम्मं काम तिथेच होतं.

टाकीतलं ऑइल

मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी ते आणि आजूबाजूचा भाग ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या पांदण रस्त्यांचा फुफाटा बॉनेटखाली कसा थर धरतो ते तुम्हाला माहीत आहे. चिमूटभर धूळ आत पडली तर ती कपच्या कडेखाली जाऊन बसते आणि सिलिंडरला ओरखडे पाडते.

पातळी बघा. बऱ्याच टाक्यांना आतून दोन कप्पे असतात, एक पुढच्या लाइनचा आणि एक मागच्या. एकच कप्पा उतरलेला असेल तर गळती कोणत्या बाजूला शोधायची हे तिथेच कळतं. दोन्ही सारखे थोडे उतरले असतील तर लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजल्यामुळेही तसं होतं.

रंग बघा. नवं ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं. काळ्या चहासारखं झालं असेल तर ते बदलायचंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, झाकणातून आणि होजच्या रबरातूनसुद्धा. नवं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे नुसती हवाच ४२-४३ अंशांवर असते. त्यात भरली गाडी, घाट आणि घासणारा शू. उकळलेल्या ऑइलची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, मग गाडी कमी चालली असो की जास्त.

आता टाकीच्या झाकणाचं रबर हातात घेऊन नीट बघा. ते फुगून, लिबलिबीत होऊन झाकणात बसत नसेल तर कुणीतरी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलंय. खात्री करायला वाटीभर पाण्यात टाकीतल्या ऑइलचे दोन थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, दुसरं तेल वर तरंगतं. तरंगलं तर गाडी तिथेच थांबवा. मास्टरपासून चाकापर्यंतचा प्रत्येक कप, प्रत्येक होज बदलावा लागेल आणि लोखंडी पाइप आतून धुवावे लागतील. खर्च मोठा आहे, पण फुगलेले कप एखाद्या दिवशी ब्रेक सोडणारच नाहीत किंवा धरणारच नाहीत.

याच कारणासाठी ब्रेकचं कुठलंही रबर डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ देऊ नका. गॅरेजमधल्या त्या एकाच डिझेलच्या ट्रेमध्ये बेअरिंगही धुतात आणि व्हील सिलिंडरचे कपही. नवं किट (कपांचा नवा संच) महिनाभरात गळायला लागतं आणि दोष किटच्या कंपनीवर जातो. सिलिंडर आणि कप ताज्या ब्रेक ऑइलने पुसायचे.

गळती शोधताना

दिवसाउजेडी, आधी गाडी धुऊन कोरडी करून मगच शोधा. चिखलाने माखलेल्या गाडीखाली गळती दिसत नाही. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर मागच्या एक्सलवर जो घट्ट लेप बसतो, तो आधी खरवडून काढा.

मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलाय तिथून सुरुवात करा. त्या जोडाखाली बूस्टरचा रंग सोलून फोड आले असतील तर मागचा सील ऑइल सोडतोय. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून तो सोललेला पट्टा हीच खूण. सांडलेलं ऑइल पाण्याने लगेच धुवा.

मग चेसिसच्या कडेने लोखंडी पाइप बोटाने चाचपत मागे जा. क्लिप तुटून पाइप जिथे चेसिसला घासतो, जिथे टायरने उडवलेले खडे लागतात, जिथे माती साचून गंज धरलाय, ती ठिकाणं जास्त बघा. बोटाला ओल लागली तर नाकाजवळ न्या. डिझेल आणि ब्रेक ऑइलचा वास वेगळा आहे, एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. मागच्या एक्सलला जोडलेला, मालाच्या वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही बघा. त्याच्या रबरी टोपीखालून बारीक झिरपणं बऱ्याचदा सुटून जातं.

शेवटी चाकं. ड्रम काढल्याशिवाय व्हील सिलिंडरबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. जॅक लावा, पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. एक्सलखाली घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्या. ड्रम काढला की धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुफ्फुसातून बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी लहान पेचकसाने हलकेच उचला. आत कोरडं असेल तर ठीक. किंचित ओलसर असेल तर लक्ष ठेवा. पण टोपी उचलताच काळा थेंब लोंबकळून बोटावर आला, तर सिलिंडर गेला. कधी कधी बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण टोपी सगळं पोटात धरून बसते. असा सिलिंडर दाबताना ऑइल सोडतो आणि पेडल सोडताना कपची सैल कड हवा आत घेऊ शकते. मग दर पंधरा दिवसांनी एअर काढण्याचं चक्र सुरू होतं.

सिलिंडर उघडून आतून बोट फिरवा. काचेसारखं गुळगुळीत असेल तर किट टाकून काम होईल. गंजाचे खड्डे बोटाला लागले तर किटचे पैसे वाया घालवू नका, पूर्ण सिलिंडर बदला. एका एक्सलचे दोन्ही बाजूंचे बदलले तर उत्तम. ऑइल पिलेले लायनरही टाकून द्या. पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर भाजून ते परत वापरणारे मी पाहिलेत. वरून कोरडं दिसलं तरी तापलं की आतलं ऑइल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

होज: सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग

पुढे दोन आणि मागच्या एक्सलला एक, असे साधारण तीन रबरी होज असतात. रबर म्हातारं होतं. बाहेरून भेगा पडलेल्या दिसल्या तर प्रश्नच नाही. पण बाहेरून धडधाकट दिसणारा होजही आतून सैल झालेला असतो.

क्लीनरला सीटवर बसवा आणि तुम्ही होजभोवती मूठ आवळून धरा. "दाब." चांगला होज मुठीत जेमतेम ताठ होतो. खराब होज मात्र दंडावर पट्टा बांधल्यावर शीर टरारावी तसा मुठीत फुगतो, आणि "सोड" म्हटलं की बसतो. पायाचा जोर चाकाला जाण्याआधी तिथेच मुरतो. हे एकदा हाताला कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

आणखी नेमकं हवं असेल तर होज बंद करून बघायची पद्धत आहे. गोल जबड्याच्या होज क्लॅम्पने तिन्ही होज हलकेच दाबून बंद करा आणि पेडल दाबा. आता पेडल वर आणि घट्ट लागलं तर मास्टर सिलिंडर निर्दोष, दुखणं होजच्या पुढे चाकांकडे आहे. एकेक क्लॅम्प सोडत जा. जो सोडल्यावर पेडल मऊ होतं, त्या चाकाकडे किंवा मागे असेल तर त्या एक्सलकडे जा. तिन्ही बंद असूनही मऊच असेल तर मास्टर सिलिंडर किंवा त्याच्या जवळच्या जोडात हवा आहे. दात असलेल्या पकडीने होज दाबू नका, आतले पदर फाटतात. आणि दहा-बारा वर्षांचा होज असेल तर ही चाचणी न करता सरळ बदला. दाबून त्याचं होतं नव्हतं आयुष्य संपवू नका.

शू सेटिंग आणि ड्रम

पहिल्या दाबाला पेडल खोल आणि पंप केल्यावर घट्ट, असं असेल तर इथे या. प्रत्येक चाक उचलून अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा) फिरवा. चाक हाताने फिरवताना शू घासल्याचा आवाज यायला लागला की अॅडजस्टर तेवढाच मागे घ्या, की चाक मोकळं फिरेल. हॅण्डब्रेक सोडलेला हवा. ज्या गाडीला आपोआप सेट होणारे अॅडजस्टर आहेत तिथेही बघा. गंजून जाम झाले असतील तर ते काम करत नाहीत.

अॅडजस्टर जास्त आवळला की पेडल सुरेख वर येतं आणि मालक खूश होतो, पण शू घासत राहतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही ड्रमवर ओंजळभर पाणी शिंपडा. ज्यावर चर्रकन आवाज होऊन वाफ उठते, तो घासतोय. माझी ढिली स्प्रिंग मला अशीच सापडली. हात लावून बघू नका, भाजतं.

नवे लायनर ठोकल्यावर पेडल मऊ लागलं, तर बहुतेक वेळा लोक पुन्हा एअरकडे वळतात. कारण वेगळं असतं. जुना ड्रम दोनदा लेथवर टर्निंग झालेला असतो, म्हणजे आतून मोठा झालेला. नवा लायनर मूळ मापाच्या गोलाईचा. मग शूचा फक्त मधला भाग ड्रमला लागतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात, आणि दाबल्यावर शू वाकतो. तीच उसळी पायाला जाणवते. तपासायला लायनरवर खडूचा हात फिरवा, शू ड्रममध्ये ठेवून थोडा घासा आणि बाहेर काढून बघा. खडू जिथे पुसला गेला तिथेच टेकतोय. फक्त मध्ये बोटभर पट्टा पुसला असेल तर लायनर ड्रमच्या गोलाईला घासून घ्यावे लागतील. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. टर्निंग त्यापुढे गेलं असेल तर ड्रम भंगारात.

पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या आहेत का बघा. पिन अडकली की पॅड तिरपा झिजतो आणि पेडलला उसळी येते. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलले जातात, त्यानेही पहिला दाब खोल जातो. कॅलिपर नुकतेच काढून बसवले असतील तर निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) वरच्या बाजूलाच आहे ना, हे बघायला विसरू नका. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निप्पल खाली येतं आणि वर अडकलेली हवा किती काढली तरी निघत नाही.

आता एअर काढा

वरचं सगळं झाल्यावर एअर काढायची. लागेल ते असं: सीलबंद डब्यातलं, गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल, एक लिटर तरी हाताशी. सुट्या बाटलीतलं, आधीच उघडलेलं ऑइल नको. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तळाशी थोडं ऑइल घातलेली काचेची बाटली, निप्पलच्या मापाचा रिंग पाना. तोंडाच्या पान्याने निप्पल गोल होतं. गंजलेल्या निप्पलवर आदल्या रात्री गंज सोडणारं तेल सोडा, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या गाडीच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे कप ठराविक टप्प्यातच सरकतात. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्या खरखरीत भागावर जातात आणि चिरतात. सकाळी चांगला असलेला मास्टर संध्याकाळी गेलेला असतो, आणि लोक म्हणतात एअर काढल्यावर पेडल आणखी बिघडलं.

क्रम: मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांत साधारण मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. पुढच्या ड्रममध्ये एका चाकाला दोन सिलिंडर असतील तर दोन्हींत ऑइल पोहोचतंय का बघा. आणि मागे वजनावर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडी चेसिसला जॅक लावून एक्सल लोंबकळत ठेवू नका. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कमी करतो आणि मागची हवा नीट निघत नाही. आधार एक्सलखाली द्या.

मग दोघांचं काम. वरचा माणूस "दाबलं" म्हणेपर्यंत खालच्याने निप्पल उघडायचं नाही, आणि खालचा "सोड" म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. सावकाश दाबा, धरा, निप्पल पाव फेरा उघडा, बुडबुडे बाटलीत जाऊ द्या, निप्पल बंद करा, मग सोडा. सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मास्टर भरू द्या. घाईने पंप केलं तर मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि तो निघता निघत नाही. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. टाकी एकदा कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले तरी नळीतून नव्या रंगाचं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. माझ्या मिस्त्रीने दोन्ही वेळा बुडबुडे थांबले की हात थांबवला होता, म्हणून चाकाजवळचं जुनं ऑइल तिथेच राहिलं. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका.

हट्टी हवा असेल तर निप्पल किंचित उघडून नळी बाटलीत सोडा, टाकी भरलेली ठेवा आणि ऑइल आपल्या वजनाने अर्धा तास ठिबकू द्या. मास्टर नवा बसवला असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी बाकावर ऑइल भरून त्याची हवा काढा. गाडीवर नंतर काढायला गेलात तर दिवस जातो.

शेवटची एक चाचणी. चष्मा लावा, टाकीचं झाकण उघडा आणि क्लीनरला पंधरा-वीसदा पंप करून धरायला आणि मग झटकन सोडायला सांगा. टाकीत ऑइल हलकं उसळलं तर ठीक. कारंज्यासारखं वर उडालं तर आत अजून दबलेली हवा आहे.

गाडी रस्त्यावर काढताना

इंजिन चालू करून पेडल एक मिनिट जोराने धरा. नंतर मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक मारा. मग गावाबाहेर रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगाने. गाडी सरळ थांबते का, एका अंगाला ओढते का, ते बघा. पहिली फेरी रिकामी करा आणि घाटाच्या वाटेने जाऊ नका. नवे लायनर असतील तर काही दिवस पेडलला किंचित मऊपणा राहतो, ते बसले की जातो.

रस्त्यात पेडल अचानक गेलंच, तर पंप करत राहा, गिअर एकेक करून खाली आणा, हॅण्डब्रेक झटका न देता हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, बूस्टरची मदत जाईल. आणि डिझेल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रलवर गाडी सोडायची सवय असेल तर ती आजच मोडा. इंजिनने धरलेलं वजन ब्रेकवर येत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, लेकराबाळांसह आणि संसारासह, याच गाड्यांच्या मागे बसलेली असतात.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. त्याच्या आदल्या दिवशी ब्रेक बघण्यापेक्षा ऑक्टोबरचा हंगाम सुरू होण्याआधी, पोळ्याच्या सुमाराला, एकदा चारही ड्रम उघडा.

काम झाल्यावर टाकीवर पातळीच्या जागी मार्करने बारीक रेघ ओढा आणि रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा. सकाळी आधी कागद बघा, मग रेघ. कागद कोरडा आणि ऑइल रेघेवर असेल तर गाडी मोंढ्याच्या रांगेत लावा. ऑइल जरा जरी खाली आलं असेल तर पोती उतरवून ठेवा आणि ज्या कागदावर डाग पडलाय त्या चाकाचा ड्रम पुन्हा काढा.